त्या वह्या कुठे गेल्या?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज वाचते. रस्ते, घाट, साधुग्राम, तपोवनातली झाडं, पार्किंग, कॅमेरे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान, या तारखा आता शाळकरी पोरांनाही पाठ झाल्यात. 2003 ची चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत, त्यामुळे गर्दीच्या नियोजनाबद्दल भरभरून बोललं जातं आणि ते बरंच आहे. पण ऐन मेळ्यात साथ पसरली तर काय, हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. एप्रिल 2021 मध्ये हरिद्वारचा कुंभ अर्ध्यातच प्रतीकात्मक करावा लागला होता. फार जुनी गोष्ट नाही.

मी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आता निवृत्त आहे आणि नाशिकरोडला राहते. करोनाच्या काळात शिक्षकांच्या मागे जेवढ्या ड्युट्या लागल्या, त्यातल्या बहुतेक माझ्याही वाट्याला आल्या. म्हणून हे पत्र डॉक्टरांबद्दल किंवा औषधांबद्दल नाही. ते त्या काळात आम्ही हाताने लिहिलेल्या वह्यांबद्दल आहे.

जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्च 2020 च्या अखेरीस आमच्याच तालुक्यात, लासलगावच्या बाजूला सापडला. त्यानंतर आदेशांचा पाऊस सुरू झाला. रात्री अकराला ग्रुपवर पीडीएफ यायची आणि सकाळी सातला हजर राहायचं. 1897 चा साथरोग कायदा, 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, भारतीय दंड संहितेचं कलम 188, ही सगळी नावं तेव्हाच कानावर पडली. अधिकारांची काही कमी नव्हती. जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष, त्यांनी सही केली की मंगल कार्यालयापासून वसतिगृहापर्यंत काहीही ताब्यात घेता येत होतं. अडायचं ते पुढच्या पायरीवर. कार्यालय ताब्यात घेतलं, पण त्याची किल्ली कुणाकडे? पाण्याची टाकी भरायची कुणी? दोनशे माणसांचा स्वयंपाक दोन तासांत कोण करील?

याचं उत्तर कुठल्याच आदेशात नसायचं. ते ग्रामसेवक, तलाठी, आशाताई, अंगणवाडीताई आणि आम्ही शिक्षक यांच्या डोक्यात असायचं आणि तिथून हळूहळू वहीत उतरायचं.

मे 2020 मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून मजुरांचे जे लोंढे चालत गेले, ते पाहिलेल्या माणसाला त्याचं वर्णन करून सांगायला नको. नाशिकरोडहून 1 मे च्या रात्री भोपाळला श्रमिक रेल्वे सुटली, ती राज्यातली पहिलीच. नंतर एसटीने मजुरांना मध्य प्रदेशच्या सीमेपर्यंत फुकट सोडायला सुरुवात केली. या मधल्या दिवसांत पिंपळगाव बसवंतच्या आसपास रस्त्याकडेला आमच्या नोंदी चालायच्या. माणूस कुठून आला, कुठे चाललाय, सोबत लहान मूल आहे का, पाय सुजलेत का. हा ‘पाय सुजलेत का’ रकाना कुणी वरून सांगितला नव्हता. आमच्यातल्याच एका अंगणवाडीताईंनी पट्टीने रेघ मारून तो वाढवला, कारण अशा माणसाला आधी गाडीत बसवायचं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर वेगळी यादी तयार झाली. कोणत्या बचत गटाकडे मोठी पातेली आहेत. कुणाची पिकअप द्राक्षाचा माल नसल्याने उभी आहे. कोणता चप्पलवाला शटर अर्धं उघडून उधारीवर माल देतो. माझ्या मते त्या काळात जिल्ह्याने तयार केलेला खरा आराखडा तोच होता, मागच्या पानांवरचा.

सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही सरकारी मोहीम सुरू झाली. 15 तारखेपासून घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा 95 च्या खाली असला की पुढे पाठवायचं, एवढं प्रशिक्षण मिळालं. पण निफाड तालुक्यात तो काळ द्राक्षबागांच्या छाटणीचा. छाटणीनंतर काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, त्यात रंग असतो. बायामाणसांची बोटं नखांपर्यंत माखलेली, वर सकाळच्या गारठ्याने बधिर झालेली. मशीन 87 दाखवायचं आणि ती बाई समोर उभी राहून हसत विचारायची, “बाई, मी काय मरायला टेकले का?” मग हात धुवायला लावायचे, तळवे चोळायला लावायचे, रंग न लागलेलं बोट शोधायचं, मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा लावायचं. 96. ही युक्ती आम्ही एकमेकींना फोनवर सांगितली. छापील माहितीपत्रकात ती नव्हती. उद्या दुसरी कुणी नवी शिक्षिका याच कामावर गेली, तर तिला पुन्हा पहिल्या घरापासून शिकावं लागेल.

मालेगावचाही उल्लेख करायला हवा, कारण नाशिक शहरातली मंडळी मालेगावबद्दल फार पटकन बोलतात. एप्रिल 2020 मध्ये तिथे रुग्ण झपाट्याने वाढले, बंदोबस्तावरचे राज्य राखीव दलाचे जवानही आजारी पडले. खासगी दवाखाने बंद असल्याने साध्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रुग्णांचे हाल झाले. पण पुढे आकडे उतरले आणि ‘मालेगाव पॅटर्न’ हा शब्द कौतुकाने वापरला जाऊ लागला. त्यात तिथल्या युनानी काढ्याचा वाटा किती आणि लोकांचा विश्वास बसल्याचा किती, हे ज्याने त्याने आपल्या कलाप्रमाणे ठरवलं. मला एवढंच दिसतं की गल्लीतले डॉक्टर पुन्हा बसू लागले आणि मोहल्ल्यातली ओळखीची माणसं सोबत आली, तेव्हा सर्वेक्षण करणाऱ्यांना दारं उघडली गेली. बाहेरून आणलेल्या फौजेने जे जमलं नाही, ते ओळखीने जमलं. अशी ओळखीची माणसं कोण, हे आज जिल्हा प्रशासनाकडे कुठे लिहिलेलं आहे का?

मग 2021 उजाडलं. मार्चअखेरीस नाशिक शहरात बाजारपेठेत शिरायला पाच रुपयांची पावती, तासाभराची मुदत आणि जास्त वेळ थांबल्यास पाचशे रुपये दंड, असा प्रयोग झाला. मेन रोडला जाऊन सुई-दोरा आणायचा तर पावती फाडायची! पावती फाडायलाच गर्दी व्हायची, यावर अधिक काय बोलणार.

एप्रिलमध्ये मला तालुक्याच्या मदत कक्षात फोनवर बसवलं. टेबलावर एक लांब वही, दोन फोन आणि सॅनिटायझरची बाटली. रकाने असे: नाव, वय, ऑक्सिजन किती, स्कोअर (म्हणजे सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाला दिलेले गुण) किती, नातेवाइकाचा नंबर, कुठे पाठवलं. त्या महिन्यात ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न क्रिकेटबद्दल कुणी विचारत नव्हतं. फोन करणारा आधी रडायचा किंवा आधी शिव्या द्यायचा. दोन्ही ऐकून घेऊन मग नाव विचारायचं. संकेतस्थळावर एखाद्या रुग्णालयात चार खाटा मोकळ्या दिसायच्या आणि फोन लावला की उत्तर यायचं, “त्या सकाळच्या आहेत मॅडम.” म्हणून आम्ही खाटांच्या आकड्यांऐवजी माणसांची यादी केली. कोणत्या रुग्णालयात दुपारच्या पाळीला कोणती सिस्टर खरं सांगते, रात्री कोणता वॉर्डबॉय फोन उचलतो. एकदा का ती यादी जमली, की निम्मे हेलपाटे वाचले. एका रुग्णाला घेऊन रिक्षा पिंपळगाव, ओझर, आडगाव अशी फिरत राहायची, ते कमी झालं.

ऑक्सिजनचा हिशेबही तेव्हाच शिकलो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला पाच लिटर लागत असेल तर तो तेवीस तास पुरतो. पंधरा लिटर लागू लागले की पावणेआठ तासांत संपतो. म्हणजे रात्री दहाला लावलेला सिलिंडर पहाटे सहाच्या आत बदलावाच लागणार. हे गणित चौथीच्या पोरांना शिकवलेलं, पण तेव्हा त्यात कुणाचा जीव नव्हता. सिलिंडर कुठून आणायचे? आमच्याकडे ट्रॅक्टरची औजारं, फवारणीचे ब्लोअर बनवणारे कितीतरी फॅब्रिकेशनवाले आहेत, त्यांच्याकडे गॅस कटिंगसाठी ऑक्सिजनचे नळकांडे असतात. ते रुग्णासाठी वापरायचे तर रिकामे करून आतून स्वच्छ करून घ्यावे लागतात, व्हॉल्व्ह बदलावा लागतो. कोणाकडे किती आहेत, हे तालुक्याच्या एका लाइनमनला तोंडपाठ होतं, कारण प्रत्येकाच्या शेडला वीजजोडणी त्यानेच दिलेली. त्याने बसल्या जागी सांगितलं, मी लिहून घेतलं. त्या एका पानाचं मोल तेव्हा कशातच होणार नव्हतं.

21 एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला, पुरवठा खंडित झाला आणि 22 रुग्ण गेले. तो पांढरा ढग सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. तीनच दिवसांनी विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेसचे टँकर नाशिकला पोहोचले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या. द्रव ऑक्सिजन शेकडो कोस लांबून आणता येतो, पण टाकीपाशी उभं राहून व्हॉल्व्ह बंद करणारा, प्रशिक्षण मिळालेला माणूस त्या क्षणी तिथे असावा लागतो. चौकशी झाली, मदत जाहीर झाली. मला त्यावर निवाडा द्यायचा नाही. माझा रोख ‘तो माणूस कोण’ यावर आहे. असा माणूस आयत्या वेळी सापडत नाही, त्याचं नाव आधीच कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

आता मूळ मुद्दा. निवृत्तीनंतर काही महिन्यांनी मी एका सरकारी कार्यालयात गेले होते, काम माझं वेगळंच होतं. सहज चौकशी केली, मदत कक्षाच्या वह्या कुठे ठेवल्या आहेत? बाबूने सौजन्याने सांगितलं, “मॅडम, ते निर्लेखित झालं. ड वर्गातलं होतं, वर्षभरच ठेवतात.” म्हणजे रद्दी. नियमाने झालं असेल, त्याच्यावर राग नाही. पण ‘ड वर्ग’ हा शिक्का कुणी आणि काय वाचून मारला, हा राग मात्र अजून गेलेला नाही.

रुग्णांची नावं, त्यांचे आजार जपून ठेवा असं मी म्हणत नाही. ते फाडून टाकलेलंच बरं. पण मागची पानं? किल्ल्या, पातेली, पिकअप, नळकांडी, खरं बोलणाऱ्या सिस्टर, मोहल्ल्यातली जाणती माणसं? आपत्ती व्यवस्थापन कायद्यातच म्हटलं आहे की जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा. तो नुसता मुखपृष्ठावरचं साल बदलून होतो की गावपातळीवरची नावं-नंबर खरोखर तपासले जातात, हे जिल्हाधिकारी साहेबांनी एकदा लोकांना सांगावं. गेल्या पाच-सहा वर्षांत तलाठ्यांच्या बदल्या झाल्या, आशाताई बदलल्या, अर्ध्या लोकांचे मोबाइल नंबर बदलले.

दुसऱ्या लाटेनंतर रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लांट उभे राहिले. त्यात झिओलाइट नावाचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. दाण्यांत ओल शिरली की त्यांची ताकद जाते, म्हणून प्लांट बंद ठेवून चालत नाही, अधूनमधून चालवावाच लागतो. जिल्ह्यातला प्रत्येक प्लांट शेवटचा कधी चालवला, शुद्धता किती आली आणि तो चालवणारा ऑपरेटर आज नोकरीवर आहे का, एवढे तीन रकाने दर महिन्याला जाहीर करायला कितीसा खर्च येईल? आपल्या दैनिकाने ते छापावेत, ही विनंती. वाचक नक्की वाचतील, निदान मी वाचीन.

सिंहस्थात तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. स्नानाच्या तारखा ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या, म्हणजे भर पावसाळा. आखाड्यांची स्वयंपाकघरं, पाण्याचे टँकर, धर्मशाळा, त्र्यंबकच्या वाटेवरचे तंबू. कॉलऱ्याची, अतिसाराची साथ आली तरी पहिले दोन दिवस हाताशी कोण असेल? भोजपुरी किंवा मैथिली बोलणाऱ्या म्हाताऱ्या यात्रेकरूला काय होतंय हे समजून घेणारं कुणी? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तरेकडचे हजारो कामगार आहेत, त्यांच्यातून दुभाषे मिळतील. पण त्यांची यादी आज करायला हवी. रुग्ण स्ट्रेचरवर असताना ती होत नसते.

तेव्हा जिल्हा आपत्ती प्राधिकरणाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. करोनाच्या वेळी मदत कक्षांत, नाक्यांवर आणि सर्वेक्षणात काम केलेल्या शिक्षकांना, आशाताईंना, ग्रामसेवकांना तालुकावार एक दिवस बोलवावं. चहा-नाश्त्याचीही गरज नाही, फक्त कोऱ्या वह्या आणि बसायला सतरंजी द्यावी. जे आठवतंय ते उतरवून घ्यावं, नंबर फोन करून तपासावेत आणि त्या यादीला ‘अ’ वर्ग, म्हणजे कायम जपायचा, द्यावा. माझ्याकडे निफाडच्या वहीतल्या काही मागच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो आहेत. कार्यालयाने मागितले तर त्याच दिवशी पाठवीन. लाइनमनचं पान त्यात आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नाशिकरोड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)