आजी गोव्याची नव्हती, राहुरीकडची होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आजी गेल्या महिन्यात पंच्याऐंशीव्या वर्षी देवाघरी गेली. भेटायला आलेल्या बऱ्याच जणांनी आपुलकीनेच विचारलं, "मूळच्या गोव्याच्या का?" आजीने गोवा कधी पाहिलासुद्धा नव्हता. कोकणी तिला येत नव्हती आणि इंग्रजी म्हणाल तर हॉस्पिटलातले चार शब्द. आम्ही कॅथलिक, आणि पुण्यात कॅथलिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त कॅम्पातले गोवेकर येतात, म्हणून हे पत्र.

तिचं माहेर राहुरी तालुक्यातलं. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जेजुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या जर्मन फादरांनी खेडोपाडी शाळा काढल्या. आमची माणसं गावकुसाबाहेरची. त्यांच्या पोरींनी शिकावं असं गावात कुणाला वाटत नव्हतं, पण फादरांच्या शाळेत आजी चौथीपर्यंत शिकली. तेवढ्या शिदोरीवर ती 'निरोप्या' हे कॅथलिक मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, तेही मोठ्याने, म्हणजे शेजारच्या निरक्षर बायकांनाही ऐकू जावं. 'निरोप्या' १९०३ साली सुरू झाला. मराठीत इतकी वर्षं चाललेली मासिकं किती आहेत, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

लग्न होऊन ती नाना पेठेत आली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ज्या जागेवर आहे ती जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी दिली होती. आजीला याचा फार अभिमान. "आपण इथं पेशव्यांच्या वेळेपासून आहोत," असं ती नव्या सुनांना ठणकावून सांगायची. ती लग्न होऊन आली तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची. तिला त्यातलं अक्षर कळायचं नाही, म्हणून ती मिस्सा चालू असताना खाली मान घालून जपमाळ करत बसे. १९६२ ते ६५ मध्ये रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली, आणि पहिल्याच रविवारी तिने जपमाळ पिशवीत ठेवून दिली. "आता देवाशी समोरासमोर बोलता येतंय," म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज म्हातारपणीही भरून यायचा.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझे वडील तान्हे होते. शाळेत आसऱ्याला आलेल्या पूरग्रस्तांसाठी आजीने आणि आळीतल्या बायकांनी रात्रभर भाकऱ्या थापल्या. त्यात सगळ्या जातीधर्मांच्या बायका होत्या. नंतर तिने एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात आयाची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत केली. ड्यूटी संपली की पेठांतल्या घरोघरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला जायची. गरिबाघरचे पैसे घेत नसे. मी लहानपणी तिच्याबरोबर जायचे. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, कणकेचा गोळा हळदी-तेलात बुडवून पाठीवरून फिरवायचा, मग ओवा-वावडिंगाची धुरी. बाळाची आजी तीट लावू लागली की माझी आजी हात थांबवून ओठातल्या ओठात 'नमो मारिया' ही मारियामातेची प्रार्थना म्हणायची. त्या घरांनी कधी हरकत घेतली नाही आणि तिनेही कधी कुणाच्या देवाला नावं ठेवली नाहीत. मातीच्या वेळी फादरांच्या शेजारी तिने न्हाऊ घातलेले दोन बाप्ये उभे होते, दोघेही आता साठीच्या घरातले. त्यांनी खांदा द्यायची परवानगी मागितली.

घरात नाताळला करंज्या, चकल्या, अनारसे व्हायचे. केक आमच्याकडे फार उशिरा आला. आजी शेवटपर्यंत नऊवारी नेसली, मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या मधोमध छोटा क्रूस. सप्टेंबरात नगरकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला ती जायचीच. गुडघे गेल्यावरही आम्हाला एसटीच्या पायऱ्यांवरून उचलून न्यायला लावलं.

संपादक महाशय, आपलं वर्तमानपत्र आमच्या घरी आजोबांपासून येतं, म्हणून हक्काने लिहिते. डिसेंबरात आपण कॅम्पातली रोषणाई आणि केकची दुकानं छापता, ती जरूर छापा. पण यंदा एखाद्या वार्ताहराला रविवारच्या मराठी मिस्सेलाही पाठवा. वडगाव शेरीत, येरवड्यात, नाना पेठेत आजीच्या वयाच्या, नगरकडून आलेल्या बायका अजून आहेत. कुणी आया होती, कुणी शाळेत शिपाई, कुणी दायी. त्यांच्या आठवणी कुणी लिहून घेतलेल्या नाहीत. त्या अनोळखी माणसाशी मोकळेपणी बोलत नाहीत, तेव्हा ओळख करून द्यायला मी बरोबर येईन. फक्त दुपारी चारनंतर या, त्याआधी त्यांची जपमाळ चालू असते.

आपली,
एक नात, वडगाव शेरी, पुणे