ऋणनिर्देशात न मावलेलं

आदरणीय मॅडम,

सप्रेम सलाम.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचे आभार मानले, पण त्या ठरीव भाषेत बरंच राहून गेलं. ते इथं उघडपणे लिहितो.

पीएचडीला लागलो तेव्हा मी दोन्हीकडे अवघडलेला असायचो. चर्चच्या मंडळीत विचारायचे, "एवढं शिकून प्रभूची सेवा कधी करणार?" विभागात कुणी बोलून दाखवत नसे, पण उंचावलेल्या भुवया दिसायच्या. मग माझ्या डोक्यात भलतंच शिरलं: विज्ञानातूनच देवाचा पुरावा काढायचा, म्हणजे दोन्हीकडची तोंडं बंद!

तुम्ही वाद घातला नाहीत. लमेत्रची हकीकत सांगितलीत. बेल्जियमचा हा कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय, हे त्यानं १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून मांडलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्याच्याच विश्वारंभाच्या सिद्धांताची सांगड निर्मितीवरच्या श्रद्धेशी घातली, तेव्हा लमेत्रलाच ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांबाहेरचा आहे, हे त्याचं म्हणणं कायम राहिलं. आणि धर्मगुरूही तो शेवटपर्यंत राहिला.

खरा धडा मात्र तुमच्या टेबलाशी मिळाला. एका नियतकालिकाकडून एक पेपर रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधीच्या तपासणीला, आला होता. आमच्याच प्रश्नावरचा, आणि आमच्या निष्कर्षाला सुरुंग लावणारा. संपादकांना विचारून तुम्ही मला शेजारी बसवलंत. तक्त्यातला एकेक आकडा पेन्सिलीनं पडताळलात, एका आलेखाची मोजपट्टी दुरुस्त करायला सुचवलीत आणि शिफारस लिहिलीत: छापावा. रिव्ह्यूवर नाव नाही, मानधन नाही. नुकसान मात्र आपलं. तुम्ही चहा मागवलात आणि पुढच्या कामाला लागलात.

देवावर 'पूर्ण बुद्धीने प्रीती कर' ही बायबलमधली आज्ञा मला लहानपणापासून पाठ आहे. ती पाळताना मी कुणाला पाहिलं ते त्या दिवशी.

आता मीही शिकवतो. प्रकाशनांची यादी आखूडच आहे, बढती रखडली आहे, आणि त्यानं मन खट्टू होत नाही असं नाही. तरी मंडळीतल्या त्या प्रश्नाला आता उत्तर आहे: सेवा चालू आहे, सोमवार ते शनिवार.

परवा एका विद्यार्थिनीच्या कच्च्या प्रकरणावर पानभर शेरे मारून दिले. ती जरा रुसली आहे. तुमच्याकडे पाठवू का?

तुमचा विद्यार्थी