‘पीएचपी’तील क्रमाचा घोळ

महोदय,

‘पीएचपी’ ही संगणकीय भाषा शिकवताना विद्यार्थी हमखास अडखळतात ते अंगभूत फंक्शनना (भाषेतच तयार असलेल्या, ठरावीक काम करणाऱ्या आज्ञांना) द्यायच्या माहितीच्या क्रमापाशी. ‘इन_अ‍ॅरे’मध्ये शोधायची गोष्ट आधी आणि जिच्यात शोधायचे ती यादी नंतर द्यावी लागते, मजकुरात शब्द शोधणाऱ्या ‘स्ट्रपॉस’मध्ये मात्र नेमके उलटे. ‘अ‍ॅरे_मॅप’ला (हे यादीतील प्रत्येक घटकावर दुसरे एखादे फंक्शन चालवते) ते फंक्शन आधी हवे, तर त्याच्याच भावंडाला, म्हणजे ‘अ‍ॅरे_फिल्टर’ला (हे यादीतून हवे ते घटक निवडते), यादी आधी. ‘स्ट्रपॉस’मध्ये क्रम चुकला तरी दोन्हीकडे मजकूरच असल्याने भाषा तक्रार करत नाही, बहुतेकदा ‘सापडले नाही’ एवढेच सुचवते, आणि नवशिक्याचा अख्खा तास नसलेली चूक भलतीकडे शोधण्यात जातो, हे मला फार खटकते. यादीतील घटक जोडून एकच मजकूर करणारे ‘इम्प्लोड’ तर दोन्ही क्रम चालवून घेत असे. ती सवलत २०२० मधील ८.० आवृत्तीत बंद झाली, हे योग्यच झाले. त्याच आवृत्तीत प्रत्येक माहिती तिच्या नावानिशी देण्याची सोय आली, म्हणजे क्रम लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही. जुने क्रम आता बदलणे अवघड आहे, कारण असंख्य संकेतस्थळे त्यांवर उभी आहेत. परंतु शिक्षकांनी व मराठी पाठ्यपुस्तकांच्या लेखकांनी ही नावानिशी लिहिण्याची पद्धत पहिल्या धड्यापासून शिकवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक संगणक प्रशिक्षक, सांगली