पॅरिसजवळच्या सेर्जीच्या लायब्ररीतल्या मादामना, मनापासून

मादाम,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, तरी मराठीतच लिहितेय. फ्रेंचमधे लिहायला घेतलं की मी व्याकरणच तपासत बसते आणि सांगायचं ते राहून जातं, गेली कित्येक वर्षं तसंच राहिलंय.

2019 चा हिवाळा. दर शनिवारी तुम्ही आम्हा परदेशी पोरापोरींना फ्रेंच बोलायला शिकवायचात, फुकट. दिग्दर्शिका सेलीन सियामाचा नवा सिनेमा तेव्हा नुकताच येऊन गेलेला, कान फिल्म फेस्टिव्हलमधे पटकथेचं बक्षीस मिळालेला, आणि बाई आपल्या सेर्जीत वाढलेली म्हणून तुम्ही तिचा पहिला सिनेमा लावलात, 2007 चा. इंग्रजीत वॉटर लिलीज म्हणतात, फ्रेंच नावाचा अर्थ मात्र ऑक्टोपसांचा जन्म. शूटिंग तिथलंच, त्यामुळे बाकीचे ओळखीच्या जागा शोधत होते. मी फक्त सिनेमातल्या मारीकडे बघत होते. स्विमिंग पूलवर तिला सिंक्रोनाइज्ड स्विमिंगच्या टीमची कॅप्टन फ्लोरियान दिसते आणि ती खलासच होते. मोठी माणसं सिनेमात जवळजवळ नाहीतच, कोणी कोणाला समजावत नाही. मग मारी फ्लोरियानच्या घरचा कचरा उचलून आणते, एकेक वस्तू बाहेर काढते आणि तिनं अर्धवट खाऊन टाकलेलं सफरचंद स्वतः चावते. कोणीतरी ईईई केलं. माझ्या घशात आवंढा आला, कारण सांगलीत एकीची चावलेली रिफिल मी बारावीपर्यंत कंपासपेटीत जपून ठेवली होती.

हे मी त्याआधी एका काउन्सेलर बाईंना सांगितलं होतं. "वय असतं गं, जाईल," म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत आईला फोन. पुढे एका फिल्म क्लबात निळ्या केसांच्या मुलीचा तो तीन तासांचा सिनेमा लावला, ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर, दोन मुलींच्या प्रेमाचा, 2013 साली कानला पाम द'ओर हे सर्वोच्च बक्षीस मिळालेला. त्यात अडेल प्रेमात पडते, मोडते, पोरांना शिकवते, पण आमच्याकडे सगळे फक्त एका सीनची वाट बघत बसलेले आणि तो आल्यावर आयोजकसुद्धा हसले. मी अर्ध्यातच उठले. तेव्हापासून मी त्या रिफिलवालीला "तो" म्हणायला शिकले. इंग्रजीत फ्रेंड म्हटलं की सुटतं, मराठीत आला की आली हे सांगावंच लागतं, फ्रेंचमधेही तेच.

सिनेमा संपल्यावर तुम्ही सगळ्यांना पहिल्या प्रेमाबद्दल चार वाक्यं बोलायला लावलीत. मी ठरवल्याप्रमाणे ईल, ईल, म्हणजे तो, तो करत होते आणि तिसऱ्या वाक्याला तोंडातून एल, म्हणजे ती, निघून गेलं. लगेच म्हटलं, सॉरी, ईल. तुम्ही आमची एक चूक सोडायचा नाहीत, ब्राझीलच्या त्या पोराला तर पुल्लिंगी ल आणि स्त्रीलिंगी ला वरून रडकुंडीला आणायचात, त्यामुळे मी खाली मान घालून बसले. तुम्ही चष्मा वर सरकवलात आणि विचारलंत, "आणि ती, तिला पोहता यायचं?"

ती. जेवलीस का विचारावं इतक्या साध्या आवाजात. ना डोळे मोठे केलेत, ना खांद्यावर हात ठेवलात, ना नंतर बाजूला बोलावलंत. आपण किती मोठ्या मनाचे हे दाखवणारी माणसं मला त्यानंतरही पुष्कळ भेटली, पण समोरचीला तिच्या वाक्यात नुसतं राहू देणं मी तुमच्याकडे पहिल्यांदा पाहिलं.

मी म्हटलं हो, कृष्णेत. माझ्या पाठीला डबा बांधलेला असायचा, तिच्या नाही. पाठीच्या डब्याला फ्रेंचमधे काय म्हणतात ते मला येईना आणि माझ्या हातवाऱ्यांवरून तुम्हाला कळेना, शेवटी मी कागदावर चित्र काढलं आणि तुम्ही खो खो हसलात, मीही हसले, तिच्याबद्दल बोलताना चारचौघांत पहिल्यांदाच.

मग ते वाक्य वहीत लिहायला लावलंत. वही अजून आहे माझ्याकडे. मी लिहिलं होतं, ती पोहली. तुम्ही पेन्सिलनं क्रियापदाखाली रेघ मारून पोहायची असं केलंत, रोजची सवय होती ना, म्हणून. तेवढीच दुरुस्ती आहे त्या पानावर.

मेर्सी, मादाम.