काउल गळ्याचा जर्सी टॉप : मुलीस पत्र

सांगली

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डिसेंबरमधल्या समारंभासाठी तू स्वतः टॉप शिवणार आहेस आणि त्यासाठी अमेरिकेत फार खपणारे काउल गळ्याचे, म्हणजे पुढे सैल चुण्या पडणाऱ्या गळ्याचे, पेपर कटिंग (कापायचे कागदी नमुने) आणले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू माझ्याकडे ब्लाउज शिवायला शिकलीस, म्हणून सर्वांत आधी दोन्ही कापडांतला फरक सांगते. ब्लाउजचे कापड ताणत नाही, त्यामुळे त्याला अंगाचा आकार टक्स आणि कटोरीने द्यावा लागतो. जर्सी मात्र एकमेकांत गुंफलेल्या फाशांनी विणलेली असते आणि अंगावर ताणली जाऊन तो आकार स्वतःच घेते. या टॉपचे फिटिंग बरेचसे कापडाच्या निवडीवरच ठरणार आहे, तेव्हा दुकानात अजिबात घाई करू नकोस.

कापड आडवे दुमडून त्याचे चार इंच चिमटीत धर आणि हलकेच ताण. ते सहज सहा इंच झाले, तर ताण पन्नास टक्के आहे असे समज आणि पेपर कटिंगच्या पाकिटावर ताण मोजायची पट्टी छापलेली असेल, तर तिच्याशी पडताळून पाहा. सोडल्यावर कापड मूळ मापावर परत आलेच पाहिजे. जे सैल पडून राहते, ते दोन-तीनदा घातल्यावर कोपरांशी आणि कमरेशी लोंबू लागते. काउलच्या चुण्या कापडाच्या वजनाने पडतात, त्यामुळे पातळ पण वजनदार, सुळसुळीत व्हिस्कोस-लायक्रा घ्यावे. पोंटे हे जाड, घट्ट विणीचे जर्सी कापड दिसायला कितीही भारदस्त असले, तरी त्याच्या चुण्या गळ्याशी ताठ उभ्या राहतील.

मापाच्या बाबतीत तयार कपड्यांचा नंबर विसरून जा. अमेरिकी पेपर कटिंगच्या नेहमीच्या तक्त्यात छाती ३६ इंच असेल तर माप १४ येते, जे दुकानातल्या कपड्यांच्या नंबरापेक्षा बरेच मोठे वाटते. त्या आकड्याने दचकू नकोस, पण डोळे मिटून तेच कापूही नकोस. कागदाच्या तुकड्यांवर तयार कपड्याची मापे बहुधा छापलेली असतात. अंगाबरोबर बसणाऱ्या जर्सी टॉपमध्ये ती छातीच्या मापापेक्षा इंच-दोन इंच कमी असली तरी चालतात, कारण उरलेली भर कापडाचा ताण घालतो.

बेतण्यापूर्वी कापड, तयार टॉप जसा धुणार आहेस तसेच धुऊन, वाळवून घे, नाहीतर पहिल्याच धुण्यात लांबी आटेल. बेतताना ते टेबलाच्या कडेवरून लोंबू देऊ नकोस, कारण स्वतःच्या वजनाने ताणलेल्या कापडावर कापलेला तुकडा नंतर आखूड होतो. जास्त ताण अंगाभोवती आडवा यायला हवा, आणि कापडाला चकाकी असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवावेत, म्हणजे उजेडात दोन छटा दिसणार नाहीत.

आता सुई. ब्लाउजची टोकदार सुई जर्सीचे फासे तोडते आणि शिवणीलगत बारीक भोके पडत जातात. गोलसर टोकाची सुई धागे बाजूला सारून आत शिरते. लायक्रावर टाके सुटत असतील, तर स्ट्रेच म्हणून मिळणारी ७५ नंबरची सुई लाव. धागा पॉलिएस्टरचा वापर. साधी सरळ टीप ताण पडताच तुटते, म्हणून अगदी अरुंद झिगझॅग घाल, रुंदी अर्धा आणि लांबी अडीच मिलिमीटर, आणि ती आधी उरलेल्या तुकड्यावर ताणून पाहा. शिवताना कापड मागून ओढू नकोस; मशीन जितके घेईल तितकेच जाऊ दे. शिवण लाटांसारखी फुगत असेल, तर कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा (प्रेसर फूटचा) दाब कमी कर.

खांद्यांची शिवण मात्र ताणू द्यायची नाही, कारण काउलचा आणि बाह्यांचा सगळा भार तिच्यावर येतो. तिथे न ताणणारी पातळ फीत शिवणीतच धरून घे. गळ्याची आत दुमडणारी पट्टी वाकल्यावर बाहेर उलटते, हा या गळ्याचा मुख्य त्रास आहे. त्यासाठी पट्टीच्या आतल्या कडेला मधोमध एक लहान वजनदार मणी टाक. बाहेरून काही दिसणार नाही आणि चुण्या जागेवर राहतील.

खालची दुमड घालण्यापूर्वी टॉप रात्रभर हँगरला टांगून ठेव आणि मगच घेर सारखा कर. दुमडीला जोडसुई उत्तम, कारण वर दोन समांतर टिपा येतात आणि खालचा बॉबिनचा धागा नागमोडी जात असल्याने दुमड ताणली तरी तुटत नाही. इस्त्री वर सुती फडके ठेवून, दाबून उचलत कर. घासत फिरवलीस तर घेर पसरेल.

कापण्याआधी छाती, कंबर, दंडघेर आणि खांद्यापासून छातीपर्यंतची उंची मला कळव, आणि कागदावरची तयार मापेही लिहून पाठव. तुझे खांदे माझ्यासारखेच अरुंद आहेत, त्यामुळे मुंढा (बाही जोडायचा गोल काप) थोडा आत घ्यावा लागेल असे वाटते; किती घ्यायचा, ते मापे पाहून लगेच सांगते.

तुझी,
आई