न्यूट्रल आधी आवळला, मामा

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात आणि यंदाचा युवा महोत्सव तुमच्याशिवाय उभा करायची वेळ आली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण तुम्ही नेमकं काय शिकवलंत हे कुणीच बोललं नाही. ‘सभागृहाचं काम चोख बघायचे’ एवढ्यावर सगळ्यांनी भागवलं. ते काम म्हणजे काय, हे तपशिलात मांडल्याशिवाय आभार मानल्याचं समाधान आम्हाला मिळणार नाही. म्हणून हे जाहीर पत्र. दुसऱ्या महाविद्यालयांच्या सांस्कृतिक समितीतली मुलंही ते वाचतील आणि तुमचं ज्ञान त्यांच्या मांडवापर्यंत पोचेल.

सुरुवात विजेपासून करतो, कारण तुमचीही तिथूनच असायची. मांडववाला खांब रोवत असतानाच तुमचा प्रश्न यायचा, “लोड किती?” एक हजार वॉटचा एक पार, म्हणजे मंचाचा झोतदिवा, 230 व्होल्टवर साधारण 4.3 अँपिअर ओढतो. बारा पार म्हणजे 12 किलोवॉट. सगळे एकाच फेजवर टाकले तर 52 अँपिअर होतात आणि पहिल्यांदा सगळे दिवे पूर्ण चढवताच एमसीबी, म्हणजे जादा भाराला वीज तोडणारा खटका, पडतो. सहा-सहा करून दोन फेजांवर वाटले की प्रत्येकीवर 26. तिसरी फेज फक्त साउंडला, तिला दुसरं काही लावायचं नाही. डिमर विजेची लहर कापून दिवा मंद करतो आणि त्या कापाकापीचा गोंगाट त्याच लाइनवरच्या अँप्लिफायरमध्ये शिरतो. ही भुणभुण ओळखायची तुमची खूण साधी आहे. दिवे पूर्ण चढलेले किंवा पूर्ण बंद असताना आवाज नसेल आणि अर्ध्यावर आणताच स्पीकर भुणभुणायला लागला, तर दोष माइकचा नाही, फेजचा आहे. ही खूण माहीत नसली की साउंडवाला तासभर केबली बदलत बसतो.

पण सगळ्यात जास्त तुम्ही जपलात तो न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजांची परतीची तार. जनित्र नवं आलं किंवा मेन केबल नव्याने जोडली की हा एक स्क्रू ढिला राहायची शक्यता असते. तीन फेजांवरचा भार सारखा नसतो. अशा वेळी न्यूट्रल सुटला, तर जास्त भाराच्या फेजवरचे दिवे मंदावतात आणि कमी भाराच्या फेजवरचं व्होल्टेज 230 सोडून 400 च्या दिशेने चढतं. कमी भाराची फेज म्हणजे नेमकी साउंडची. मिक्सर, अँप्लिफायर, लॅपटॉपचा अडॅप्टर, सगळं काही सेकंदांत जातं. म्हणून तुमचा क्रम आता डिमरच्या खोलीच्या दारावर आम्ही मोठ्या अक्षरात लावला आहे: मेन खाली, जनित्र बंद, आधी अर्थिंग, मग न्यूट्रल, मग तीन फेज. काढताना बरोबर उलट. जोडणी परवानाधारक वायरमननेच करायची. मेन चढवल्यावर मीटर धरून प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 च्या आसपास, दोन फेजांमध्ये 400 ते 415, हे आकडे वहीत लिहायचे. ते लिहून झाल्याशिवाय साउंडचा बोर्ड चढवायचा नाही. आमच्या मुलांचं काम आकडे लिहायचं, आणि ते काम लहान नाही हे तुम्ही त्यांना पटवलंत.

अर्थिंगबद्दल तुमच्याइतकं कडक कुणी बोललेलं आम्ही ऐकलं नाही. घुं-घुं घालवायला तीन पिनांतली जाड पिन मोडणारे ऑपरेटर असतात. आवाज जातो हे खरं, पण त्या माइकच्या जाळीवर आता करंट उतरू शकतो. समोर उभी असते अनवाणी नाचणारी मुलगी, हाताला घाम, खाली पावसाने ओलसर झालेलं प्लायवूड. लॅपटॉपमुळे घुं-घुं येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स नावाची डबी लावायची आणि तिच्यावरची, फक्त आवाजाच्या तारेतली अर्थ तोडणारी खटकी टाकायची, पिनेला हात लावायचा नाही. केबलच्या रिळाचंही तसंच. गुंडाळलेल्या रिळातून जास्त भार नेला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरीवरचं प्लॅस्टिक वितळतं. वीस फूट लागत असली तरी रीळ पूर्ण उलगडायचं आणि उरलेली केबल मंचाखाली मोकळी, नागमोडी पसरायची.

आता हलगीबद्दल. याबद्दलचे आभार आमच्या लोककला संघाकडून वेगळे मानायला हवेत.

युवा महोत्सव बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, म्हणजे परतीच्या पावसात. हवेतला ओलावा चामड्यात मुरतो, चामडं सैल पडतं आणि हलगीचा तो ‘कडाड’ जाऊन मेलेला ‘थप्प’ उरतो. ढोलकी चढवता येते, हलगीला तशी सोय नाही. तिला शेकच द्यावा लागतो. मुलं हा शेक मांडवाच्या पडद्याआड कागद पेटवून घेतात, आणि मांडव सगळा कापडाचा. तुम्ही त्यांना रागावला नाहीत, जागा करून दिलीत. मंचाच्या मागे, कापडापासून निदान 20 फूट लांब, वाऱ्याची दिशा बघून लोखंडी घमेलं, शेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि तिथे एक माणूस कायम. हलगी धगीपासून हातभर लांब धरायची, गोल फिरवत राहायचं, मधूनमधून बोटाने टिचकी मारून ऐकायचं. एका जागी धरली की चामडं करपतं आणि ऐन वादनात तडकतं. शेक ओल्या हवेत फार टिकत नाही, म्हणून आधीचा संघ मंचावर चढला की मगच शेकायला घ्यायची. तासभर आधी शेकून ठेवली तर ती पुन्हा उतरते. पावसाची झड असेल त्या दिवशी तुम्ही जुना 500 वॉटचा हॅलोजन स्टँडवर उलटा लावून दिलात. त्याच्यासमोर हलगी फिरवत उभी असलेली पोरं आणि टिचकी ऐकायला कान पुढे केलेले तुम्ही, हे दृश्य आमच्या आवाराच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवलं जायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि त्यापुढची तुमची सूचना: “हलगीला माइक नको, तुणतुण्याला द्या.” हलगी आणि संबळ यांचा मूळचा आवाजच एवढा असतो की त्यांना जवळ माइक दिला की गाणाऱ्याचे शब्द बुडतात, आणि गोंधळात, पोवाड्यात शब्द बुडाले की परीक्षकांसमोर उरतं काय? गाणाऱ्याला तोंडाजवळ, तुणतुण्याला वीतभर अंतरावर, ढोलकीला लागलेच तर दोन माइक, एक शाईकडे आणि एक घुमाऱ्याकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला. घुंगरांसाठी मंचाच्या कडेला खाली ठेवलेला माइक पुरतो, पण त्याच्याखाली फोमचा तुकडा हवा, नाहीतर पोकळ मंचावरची प्रत्येक धप स्पीकरमधून छातीवर बसते.

माइक ओरडतो तेव्हा सगळे मिक्सरवाल्याकडे बघतात. तुम्ही आधी स्पीकर कुठे उभा आहे ते बघायचात. स्पीकर माइकच्या ओळीच्या मागे गेला की त्याचाच आवाज माइकमध्ये परततो आणि शिट्टी सुरू होते. स्पीकर कायम माइकच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. माइकची जाळी मुठीत आवळून धरली तरी शिट्टी येते, कारण माइकची एका दिशेने ऐकायची क्षमता त्याने बिघडते. हे निवेदकांना आदल्या दिवशीच सांगायचं. दोन माइक शेजारी लावायचे तर माइक आणि तोंड यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये. आणि मिक्सरचं टेबल मंचाच्या कडेला नाही, प्रेक्षकांत, मागच्या एक तृतीयांश भागात. प्रेक्षकांना काय ऐकू येतं ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. हे टेबल तिथे मिळावं म्हणून तुम्ही दरवर्षी खुर्च्यांची एक रांग कापायला लावलीत आणि त्यासाठी बोलणीही खाल्लीत.

एकांकिकेच्या मुलांवर तुमचे उपकार वेगळ्या प्रकारचे. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी बसवलेली एकांकिका युवा महोत्सवात आणली की ती 30 मिनिटांत बसवावी लागते. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या चौकटीत मूकनाट्याला 5 मिनिटं आणि 6 कलाकार, प्रहसनाला 10 मिनिटं आणि 6 कलाकार, एकांकिकेला 30 मिनिटं आणि 9 जण. घड्याळ पहिल्या वाक्याला सुरू होत नाही. इशारा मिळाला किंवा निवेदन सुरू झालं, यांतलं जे आधी घडेल तिथून ते सुरू होतं. दीड मिनिटाचं भावपूर्ण निवेदन म्हणजे दीड मिनिटाचं नाटक गेलं. मंच रिकामा मिळतो, आणि नेपथ्य लावून काढायला मिळून 10 मिनिटं. इथेच बहुतेक संघ हरतात, संवाद कितीही पाठ असले तरी.

तुम्ही नेपथ्याची वेगळी तालीम घ्यायला लावलीत. संहिता बाजूला, हातात फक्त स्टॉपवॉच. प्रत्येक लेव्हलच्या (उंचवट्याच्या चौथऱ्याच्या) आणि फ्लॅटच्या (उभ्या चौकटीच्या) मागे खडूने आकडा, आणि तोच आकडा उचलणाऱ्याच्या नावासमोर. लेव्हलची जागा मंचावर रेडियमच्या दोन-दोन इंचांच्या तुकड्यांनी, फक्त मागच्या दोन कोपऱ्यांवर, म्हणजे प्रेक्षकांना चमक दिसत नाही. फ्लॅट जोडायला स्क्रू नाही, पिन सरकवता येईल अशी बिजागरी. अंधारात स्क्रू सापडत नाही, पिन हाताला लागते. लावायला 4 मिनिटं आणि काढायला 3 जमली की तालीम पुरी. उरलेली 3 अपघातासाठी. ती वापरावी लागली नाहीत तर उत्तमच, पण ती हिशेबात धरायचीच असतात.

वेळापत्रकाचा हिशेबही तुम्हीच फळ्यावर मांडलात. एका एकांकिकेला 30 मिनिटं, 10 मंचाची, 5 परीक्षकांच्या टिपणांची, म्हणजे 45. बारा संघ म्हणजे 9 तास. सकाळी 11 ला सुरू केलं आणि जेवणाची 45 मिनिटं धरली तर पावणेनऊ. उद्घाटन लांबून पहिला संघ साडेबाराला मंचावर आला, तर शेवटचा संघ सव्वादहाला संपतो. आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री 10 ला बंद करावा लागतो. एखाद्या तालुक्याच्या गावाहून सकाळी सहाची एसटी पकडून आलेला संघ शेवटचा असतो, आणि त्याच्या वाट्याला आवाज कमी केलेलं नाटक येतं. भाषणं आवरा असं स्पष्ट सांगायचं धाडस समितीत नव्हतं. तुम्ही फक्त तो फळा उद्घाटकांना दिसेल असा ठेवलात. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या परिसरात दिवसाची मर्यादाही 50 डेसिबलच असते, म्हणून पोलिसांची लेखी परवानगी आधी, मांडवाचा खड्डा नंतर, हेही तुमचंच.

रांगोळी आणि चित्रकलेच्या दालनात तुमचा संबंध पंखे बंद ठेवण्यापुरता आणि खिडकीची तावदानं लावण्यापुरता. पण अडीच तास वाकून काढलेली रांगोळी एका झुळकीने जाते, आणि ती जाऊ नये म्हणून आधी खोलीत उदबत्ती लावून धूर कुठे वळतो ते बघणारे तुम्हीच.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती इथेच लिहितो. जिल्हास्तर, मध्यवर्ती, मग 2003 पासून राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने भरणारा राज्यातल्या विद्यापीठांचा महोत्सव इंद्रधनुष्य, अशी ही शिडी मुलं चढतात. दरवेळी पत्रिकेवर कुलगुरूंपासून प्रायोजकांपर्यंत सगळ्यांची नावं असतात. प्रकाश आणि ध्वनी बघणाऱ्याचं कधी नसतं. यंदाच्या पत्रिकेत तिसऱ्या पानावर, परीक्षकांच्या नावांच्याच आकाराच्या अक्षरात, तांत्रिक साहाय्य करणाऱ्या सगळ्यांची नावं छापली आहेत. पहिलं तुमचं आहे. जनित्रवाल्याच्या पोऱ्याचंही आहे.

मांडव परवा उभा राहिला. जनित्र 40 केव्हीएचं घेतलं आहे. दिवे, साउंड, पंखे आणि रंगभूषेच्या खोल्या मिळून 25 किलोवॉटच्या आसपास भरतात, तेवढ्याला ते पुरतं. न्यूट्रल आधी आवळला. फेजांचे आकडे वहीत आहेत: 231, 228, 233. घमेलं आणि वाळूच्या बादल्या मागच्या बाजूला ठेवल्या आहेत, हॅलोजनचा दिवा नवा बसवला आहे. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी ठेवायचं ठरत होतं, पण तिथे तुम्ही बसणार नाही हे आम्हाला माहीत आहे. ती मिक्सरच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. पहिला संघ बरोबर 11 ला.

आपले,
सांस्कृतिक समितीतील विद्यार्थी आणि शिक्षक