टू-व्हीलरवाल्याला रस्त्याच्या हिशोबात धरा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हेल्मेटच्या कारवाईच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात, त्या याव्यातच, हेल्मेटबद्दल माझा काही वाद नाही, मी स्वतः घालतो आणि मागे बसणाऱ्यालाही घालायला लावतो. पण इतकी वर्षं बघतोय की सरकारला टू-व्हीलर आठवते ती दोनच वेळा, एक चलान करायचं असलं की आणि दुसरं अपघाताचा आकडा द्यायचा असला की. रस्ता आखताना, पूल बांधताना, स्टेशनबाहेर पार्किंग काढताना तिचा विचार होत नाही. आणि आमच्या कोकणात तर माणसांची पोटं तिच्यावर चालली आहेत.

मी सावर्ड्याच्या जवळच्या एका गावातून लोट्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. पहिल्या शिफ्टला सात वाजता गेटवर हजर असावं लागतं, त्या वेळेला पोचवेल अशी एसटी आमच्या फाट्यावर नाही, आणि असती तरी घरापासून फाटा लांब, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, पावसात काळोखात पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जायचं. म्हणून बाईक घेतली, हप्त्यावर. माझ्यासारखे त्या रस्त्याला सकाळी किती दिसतात ते कोणीही मुंबई-गोवा हायवेच्या परशुराम घाटात उभं राहून बघावं. एमआयडीसीचे कामगार, वायरमन, आशाताई, दाभोळ-हर्णैची मच्छी बर्फाच्या क्रेटमधून गावोगाव फिरवणारे, मे महिन्यात मागे आंब्याची पेटी बांधून निघालेले बागायतदार, पोराला पुढे आणि बायकोला मागे बसवून डॉक्टरकडे चाललेला बाप. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून मोठ्या बाईक घेऊन ग्रुपने येणारे वेगळे, त्यांच्यावरून आमचा अंदाज बांधू नका.

आता आकडाच बघायचा तर केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, त्यातली जवळपास ७५ हजार टू-व्हीलरवर होती, म्हणजे ४४ टक्क्यांच्याही वर. त्यातल्या ५० हजारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं हेही त्याच अहवालात आहे आणि ते खरं आहे, पण हेल्मेट हे पडल्यावर डोकं वाचवण्यासाठी असतं, माणूस पडला का याचं उत्तर हेल्मेटात सापडत नाही, त्यासाठी रस्त्याकडे बघावं लागतं.

मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्याच्यावर सगळे बोलतात, खड्ड्यांचे फोटो टाकतात, गणपती जवळ आले की मंत्री पाहणीला येतात. पण ते सगळं कारमधून बघितलेलं असतं. बाईकवरून तोच रस्ता वेगळा आहे. काँक्रीट जिथे संपतं आणि डायव्हर्जनचं जुनं डांबर लागतं तिथे चार बोटं उंचीची पायरी राहते, कारला एक दणका बसतो आणि ती पुढे जाते, बाईकचं पुढचं चाक त्या पायरीला तिरकं लागलं की हँडल फिरलंच. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधला उभा सांधा असतो, त्यातला भराव निघून गेला की टायर त्यात धरला जातो आणि गाडी आपण वळवू तिकडे जात नाही. डोंगर कापलाय तिथून पावसात लाल माती आणि बारीक खडी वाहून येते ती बरोबर डाव्या कडेला साठते, आणि डाव्या कडेने चालवा असं तर लायसन देताना आम्हाला सांगितलेलं असतं. कडेने जावं तर खडीवर चाक घसरतं, आत यावं तर मागून कंटेनर हॉर्न मारतो. साइडपट्टी काही ठिकाणी एवढी खाली आहे की एकदा चाक उतरलं की परत वर चढवताना माणूस पडतो. यातली एकही गोष्ट दुरुस्त करायला कोट्यवधी लागत नाहीत हो. पायरीला डांबराचा उतार द्यायचा, सांधे पावसाआधी भरून घ्यायचे, पाऊस पडून गेला की कडेची खडी झाडायची. एवढं काम रोजच्या देखभालीत बसतं. पण ते करायला बाईकवाला कोणाच्या तरी डोळ्यासमोर असायला पाहिजे.

रॉंग साइडचंही तसंच. डिव्हायडर आला आणि गाव दोन भागात वाटलं गेलं, घर या बाजूला, शाळा, दुकान, गोठा त्या बाजूला. कट घ्यायला केवढं तरी पुढे जाऊन परत यायचं, सर्व्हिस रोड कुठे आहे तर कुठे अर्ध्यातच संपलाय. मग माणूस साइडपट्टीवरून उलटा येतो. ते चुकीचं आहे, जिवाशी खेळ आहे, मी त्याची बाजू घेत नाही. पण एकाच जागी अख्खं गाव उलटं यायला लागतं तेव्हा तिथे फक्त पोलीस उभा करून भागत नाही, तिथे रस्ता आखतानाच कोणीतरी त्या गावाला विचारलं नव्हतं एवढं तरी कबूल करा.

रस्ता किती रुंद लागणार हे ठरवताना गाड्या मोजतात, त्यात रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या हिशोबाप्रमाणे मोटारसायकल म्हणजे अर्धी कार धरतात. जागेच्या हिशोबाने ते बरोबर असेल. पण तिच्यावर बसलेला माणूस अर्धा नाही आणि त्याला लागणारी सेफ्टी तर कारवाल्याच्या दुप्पट लागते, त्याच्याभोवती पत्रा नाही की एअरबॅग नाही. मलेशियात क्वालालंपूर ते क्लांगच्या फेडरल हायवेला मोटारसायकलींची वेगळी लेन सत्तरच्या दशकात केली, आपल्यापेक्षा लहान देश आहे तो. आमच्याकडे कोणी सगळ्या हायवेला वेगळी लेन मागत नाही, घाटात आणि एमआयडीसीच्या आजूबाजूला तरी कडेची पट्टी रुंद आणि साफ ठेवा एवढंच म्हणणं आहे.

यावर काहीजण म्हणतात टू-व्हीलरला हायवेवर टोल नाही मग हक्क कसला. अहो गाडी घेताना आम्ही एकरकमी रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर भरतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ ला कमी होईपर्यंत साध्या शंभर सीसीच्या गाडीवर २८ टक्के जीएसटी भरत होतो. फुकट कोणी चालवत नाही.

धोरण म्हणून टू-व्हीलरच्या वाट्याला आतापर्यंत मुख्यतः बंदी आली. अटल सेतूवर बंदी, मुंबईच्या कोस्टल रोडवर बंदी. वेगवान रस्त्यावर बंदी घालायला कारण आहे, समुद्रावर वारा असतो, मी ते समजू शकतो. पण उरण-पनवेलकडचा माणूस ज्याच्या दारातून तो पूल जातो त्याने बाईकवरून मुंबई गाठायची तर जुन्या रस्त्याने वळसा घालून जायचं, आणि तो रस्ता बरा करायचं कोणी बोलत नाही. आमच्या हायवेवर तर बंदीही घालता येत नाही कारण आम्हाला दुसरा रस्ताच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात परशुराम घाट दुपारी बंद ठेवायचे तेव्हा चिरणी-आंबडसच्या आतल्या रस्त्याने आम्ही शिफ्ट गाठली आहे, तो रस्ता कसा आहे ते चिपळूणकरांना सांगायला नको.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने ई-बाईक टॅक्सीचं धोरण आणलं, चांगली गोष्ट. पण ते १ लाखाच्या वर वस्तीच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर पाऊण लाखाच्या आसपास आणि चिपळूण त्याहून कमी, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर त्यात बसत नाही. बांदा ओलांडून गोव्यात गेलं की पिवळ्या मडगार्डचे पायलट, म्हणजे बाईक-टॅक्सीवाले, कित्येक वर्षं रीतसर लायसन घेऊन धंदा करतायत, आणि इकडे फाट्यापासून वाडीपर्यंत म्हाताऱ्या माणसाला सोडायला कोणी नसतं. रिक्षावाल्यांशी बोलून, त्यांनाच पहिला परवाना देऊन, फाटा ते वाडी एवढ्यापुरतं तरी हे सुरू करता येईल.

आणि एसटी. मला रोज बाईक मारायची हौस नाही, पाठीचं काय होतं ते मलाच माहीत. शिफ्टच्या वेळेला गाडी मिळाली आणि हायवेच्या स्टॉपवर छप्पर टाकून बाईक ठेवायला जागा केली, साधा पत्र्याचा मांडव आणि एक लाइट, तर आमच्यातले निम्मे लोक फाट्यापर्यंत बाईक आणि पुढे एसटी असे जातील. आज बाईक दिवसभर झाडाखाली ठेवायची म्हटली तर पेट्रोल राहील की नाही याची खात्री नाही.

शेवटचं आणि सगळ्यात घाईचं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं आणि खाड्यांवरच्या पुलांचं काम हातात घेतलंय. आज दाभोळ-धोपावे काय किंवा जयगड-तवसाळ काय, जंगलजेटीवर, म्हणजे फेरीबोटीवर, बाईक चढवून माणसं खाडी ओलांडतात, पूल झाले की तीच माणसं पुलावर येणार, कामाला जाणारी, मच्छी विकणारी. तेव्हा या पुलांवर बाईकला चालता येणार आहे की नाही, कडेला तिच्यासाठी किती रुंदी सोडली आहे, पाण्याच्या निचऱ्याच्या जाळ्या चाक अडकणार नाही अशा आडव्या बसवल्या आहेत का, हे आमच्या आमदार-खासदारांनी आत्ता विचारावं, कारण काँक्रीट पडल्यावर रुंदी वाढवता येत नाही. तुमच्या पेपरनेही हा प्रश्न संबंधित खात्याला लेखी विचारावा आणि उत्तर आलं की छापावं अशी विनंती.

आपला,
एक वाचक, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी